‘डिफर’ हे क्रियापद नेमके कसे वापरावे

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘डिफरन्स’ हे नाम आणि ‘डिफरंट’ हे विशेषण फार लवकर भेटते आणि अंगवळणीही पडते. परंतु त्यांच्याच घरातले ‘डिफर’ हे क्रियापद मात्र अनेकांच्या लिखाणात वर्षानुवर्षे येतच नाही, आणि आले की बहुधा चुकते. याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. आपण ‘हे त्याहून वेगळे आहे’, ‘या दोहोंत फरक आहे’, ‘आमच्यात मतभेद आहेत’ असे म्हणतो. या तिन्ही वाक्यांत वेगळेपणाचा सगळा अर्थ विशेषणाने किंवा नामाने उचललेला असतो आणि क्रियापद म्हणून केवळ ‘असणे’ उरते. इंग्रजी ‘डिफर’मध्ये ‘वेगळे’ आणि ‘असणे’ हे दोन्ही एकाच शब्दात सामावलेले आहेत. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की निम्म्या चुका आपोआप टळतात. उरलेल्या निम्म्या चुका या क्रियापदानंतर येणाऱ्या शब्दयोगी अव्ययाच्या आहेत, आणि या लेखातला मोठा भाग त्यांच्यासाठीच आहे.

या क्रियापदाचे मुख्य अर्थ दोन आहेत. पहिला अर्थ ‘एकसारखे नसणे, वेगळे असणे’ हा, आणि दुसरा ‘मत न जुळणे, असहमत असणे’ हा. पहिला अर्थ वस्तू, माणसे, आकडे, नियम, कल्पना अशा कशालाही लागू होतो. दुसरा अर्थ फक्त मत बाळगू शकणाऱ्यांना, म्हणजे माणसांना आणि माणसांच्या संस्थांना, लागू होतो. दोन्ही अर्थांत ते अकर्मक आहे. ‘मी या दोन गोष्टी डिफर केल्या’ अशा धर्तीचे वाक्य इंग्रजीत होऊ शकत नाही, आणि कर्मच नसल्यामुळे त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही.

शब्दाचे मूळ पाहणे येथे उपयोगाचे आहे. लॅटिनमधील ‘डिफेर्रे’ या क्रियापदात ‘डिस्’ म्हणजे ‘दूर, वेगवेगळ्या दिशांना’ आणि ‘फेर्रे’ म्हणजे ‘वाहून नेणे’ असे दोन भाग आहेत. हे ‘फेर्रे’ आणि संस्कृतातील ‘भरति’ ही रूपे एकाच प्राचीन धातूपासून आलेली आहेत, म्हणजे आपल्या ‘भार’ या शब्दाशी ‘डिफर’चे दूरचे नाते आहे. आपला ‘भेद’ हा शब्द फोडण्याच्या कल्पनेतून आला, तर लॅटिन शब्द दोन गोष्टी एकमेकींपासून दूर नेण्याच्या कल्पनेतून आला. ‘एकीपासून दुसरी दूर नेणे’ हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, कारण त्यापुढे ‘फ्रॉम’ का येते याचे उत्तर त्यातच आहे.

एक वाक्य आणि त्यातल्या तीन दुरुस्त्या

एका विद्यार्थिनीच्या वहीत मला पुढील वाक्य सापडले होते: ‘माय ओपिनियन इज डिफर दॅन यू.’ त्यातला ‘इज’ तिने एकदा खोडला होता आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर लहान अक्षरांत लिहिला होता. म्हणजे तो तेथे नको, अशी शंका तिला आलेली होती. पण ‘आहे’ या शब्दाशिवाय वाक्य पुरे कसे होईल, या मराठी सवयीने शंकेवर मात केली. तिला म्हणायचे होते, ‘माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे.’ हे वाक्य मी कधी विसरलो नाही, कारण या क्रियापदाच्या बाबतीत मराठी माणसाकडून होणाऱ्या तीन मुख्य चुका त्या पाच-सहा शब्दांत एकत्र आल्या होत्या.

पहिली दुरुस्ती ‘इज’ची. ‘डिफर’ हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे त्याला ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांचा आधार लागत नाही. ज्याला ‘इज’ ठेवायचेच असेल त्याने ‘डिफरंट’ हे विशेषण घ्यावे आणि ‘इज डिफरंट’ असे लिहावे. ज्याला क्रियापद हवे असेल त्याने ‘इज’ काढून क्रियापदाला तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ लावावा. म्हणजे ‘माय ओपिनियन डिफर्स’. कर्ता अनेकवचनी असेल तर ‘एस’ जातो आणि ‘अवर ओपिनियन्स डिफर’ असे होते. हा ‘एस’ विसरणे ही लिखाणातली फार नेहमीची चूक आहे, कारण बोलताना तो सहज गिळला जातो.

दुसरी दुरुस्ती ‘दॅन’ची. ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ असे आपण शाळेत शिकलेलो असतो, आणि ‘मोठा’, ‘लहान’, ‘जास्त’, ‘कमी’ अशा तुलनेपुरते ते बरोबरही आहे. परंतु ‘वेगळा’ या शब्दात कमी-जास्त असे काही नाही. एक वस्तू दुसरीहून बाजूला आहे, एवढेच तो सांगतो. मराठीत ‘पेक्षा’ दोन्ही ठिकाणी चालतो, इंग्रजीत ‘दॅन’ चालत नाही. ‘डिफर’नंतर ‘दॅन’ कधीच येत नाही, तेथे ‘फ्रॉम’ हवे. अमेरिकी इंग्रजीत ‘डिफरंट दॅन’ आणि ब्रिटिश इंग्रजीत ‘डिफरंट टू’ असे ऐकू येते व तेथे ते रूढही आहे, परंतु ही सवलत विशेषणापुरती आहे, ती क्रियापदाला मिळत नाही.

तिसरी दुरुस्ती सर्वांत बारीक आहे आणि चांगले इंग्रजी लिहिणारेही तिच्यात अडकतात. ‘माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे’ या मराठी वाक्यात आपण वास्तविक मताची तुलना माणसाशी करतो, मताशी नाही. पण ‘तुमच्या मतापेक्षा’ हा अर्थ ऐकणारा स्वतः भरून घेतो. इंग्रजी लेखनात ही सूट घेणे सदोष समजले जाते. मताची तुलना मताशीच हवी, म्हणून ‘फ्रॉम यू’ऐवजी ‘फ्रॉम युवर्स’. पूर्ण वाक्य असे झाले: ‘माय ओपिनियन डिफर्स फ्रॉम युवर्स.’ नाम येत असेल तेथे एकवचनात ‘दॅट ऑफ’ आणि अनेकवचनात ‘दोज ऑफ’ वापरावे. ‘मंगळावरचे वातावरण पृथ्वीहून वेगळे आहे’ याचे इंग्रजी ‘द ॲटमॉस्फिअर ऑफ मार्स डिफर्स फ्रॉम दॅट ऑफ अर्थ’ असे होते. येथे ‘दॅट ऑफ’ गाळले तर एका ग्रहाच्या वातावरणाची तुलना दुसऱ्या अख्ख्या ग्रहाशी होते.

पुढे कोणते अव्यय यावे

‘डिफर’ या क्रियापदाचा अर्थ त्याच्या पुढे येणाऱ्या अव्ययावर ठरतो. ‘फ्रॉम’, ‘विथ’, ‘इन’, ‘बाय’ आणि ‘ऑन’ ही पाच अव्यये लक्षात ठेवावी लागतात. त्यांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा मराठी विभक्तींचा आधार घ्यावा असे माझे मत आहे, कारण हे पाचही संबंध आपण मराठीत रोज अचूक वापरतो. फक्त त्यांची जोडणी इंग्रजीशी केलेली नसते.

‘फ्रॉम’ म्हणजे पंचमीचा ‘हून’. ‘घराहून निघाला’ यातला ‘हून’ एखाद्या जागेपासून दूर जाणे दाखवतो. व्याकरणात याला अपादान म्हणतात. ‘त्याहून वेगळा’ यातला ‘हून’ही तोच. मनात वाक्य जुळवताना ‘पेक्षा’ऐवजी मुद्दाम ‘हून’ वापरण्याची सवय लावावी, म्हणजे लेखणीतून ‘दॅन’ ऐवजी ‘फ्रॉम’ उतरण्याची शक्यता वाढते. ‘त्याहून मोठा’ असेही आपण म्हणतो आणि तेथे ‘दॅन’ लागतो हे खरे आहे. म्हणून सोबत एवढीच परीक्षा घ्यावी की, वाक्यात मोठे-लहान, कमी-जास्त असे माप आहे की नुसते वेगळेपण आहे. नुसते वेगळेपण असेल तर ‘फ्रॉम’. ‘द कॉपी डिफर्स फ्रॉम द ओरिजिनल’ म्हणजे ‘नक्कल मुळाहून वेगळी आहे’. दोन्ही गोष्टी कर्त्यातच आल्या असतील तर ‘फ्रॉम ईच अदर’ किंवा ‘फ्रॉम वन अनदर’ असे म्हणावे, म्हणजे ‘एकमेकांहून’. ‘दे डिफर ईच अदर’ असे अव्ययाशिवायचे रूप चुकीचे आहे.

‘विथ’ म्हणजे तृतीयेचा ‘शी’, आणि तो फक्त मतभेदासाठी. ‘माझे तुमच्याशी जमत नाही’, ‘त्याचा भावाशी वाद आहे’ यातला ‘शी’ तो हाच. ‘आय डिफर विथ यू’ म्हणजे ‘माझे तुमच्याशी मत जुळत नाही’. ‘फ्रॉम’ आणि ‘विथ’ यांच्या अदलाबदलीने अर्थ किती बदलतो ते दोन वाक्ये शेजारी ठेवली की दिसते. ‘ही डिफर्स फ्रॉम हिज ब्रदर’ म्हणजे तो भावासारखा नाही, मग तो रूपाने असो वा स्वभावाने. ‘ही डिफर्स विथ हिज ब्रदर’ म्हणजे त्याचे भावाशी एखाद्या विषयावर पटत नाही. दोघे दिसायला आणि वागायला अगदी सारखे असू शकतील. मतभेदाच्या अर्थीही ‘फ्रॉम’ वापरणारे चांगले लेखक आहेत आणि ‘आय डिफर फ्रॉम यू ऑन धिस पॉइंट’ हे वाक्य चूक नाही. उलट बाजूने मात्र मोकळीक नाही. वस्तू मत बाळगत नाहीत, त्यामुळे ‘धिस कलर डिफर्स विथ दॅट कलर’ असे कधीही लिहू नये. शिकणाऱ्याने वस्तूला ‘फ्रॉम’ आणि मतभेदाला ‘विथ’ असा सरळ नियम पाळावा. तो पाळल्याने कोठेही चूक होणार नाही.

‘इन’ म्हणजे सप्तमीचा ‘त’. वेगळेपण कशात आहे ते या अव्ययाने सांगितले जाते: रंगात, आकारात, स्वभावात, किमतीत. हिरा आणि ग्रॅफाइट हे दोन्ही शुद्ध कार्बनचेच प्रकार आहेत, परंतु त्यांच्यातील अणूंची मांडणी वेगळी आहे. म्हणून ‘डायमंड अँड ग्रॅफाइट डिफर इन द अरेंजमेंट ऑफ देअर ॲटम्स’. येथे एका फार उपयोगी रचनेची ओळख करून घ्यावी. वेगळेपण एका शब्दात न मावता संपूर्ण वाक्याने सांगायचे असेल, तर ‘इन दॅट’ असे लिहून पुढे वाक्य जोडता येते: ‘अ बॅट डिफर्स फ्रॉम अ बर्ड इन दॅट इट सकल्स इट्स यंग’, म्हणजे वटवाघूळ पक्ष्याहून वेगळे ते या बाबतीत की ते पिल्लांना दूध पाजते. आपल्या ‘या बाबतीत की’ची ही तंतोतंत जोडी आहे, आणि निबंधात किंवा अहवालात तिच्यामुळे दोन तुटक वाक्ये सहज एकत्र येतात. ‘डिफर इन डिग्री’ आणि ‘डिफर इन काइंड’ ही जोडीही येथेच लक्षात ठेवावी: पहिल्यात केवळ प्रमाणाचा फरक असतो, दुसऱ्यात जातीचाच.

‘बाय’ म्हणजे तृतीयेचा ‘ने’ किंवा ‘नी’. फरक किती, हे मोजून सांगायचे असेल तेथे तो येतो: दोन अंशांनी, तीन मिनिटांनी, एका मताने. गणितात ११ आणि १३ किंवा १७ आणि १९ अशा मूळसंख्यांच्या जोड्यांना जुळ्या मूळसंख्या म्हणतात, आणि त्यांची इंग्रजी व्याख्या याच रचनेवर उभी आहे: ‘टू प्राइम नंबर्स दॅट डिफर बाय टू’. काळाचे रूप बदलले तरी रचना तीच राहते, हे कालगणनेच्या उदाहरणात चांगले दिसते. ज्युलियन आणि ग्रेगोरियन या दोन कालगणनांतील अंतर आज १३ दिवसांचे आहे. १५८२ मध्ये ग्रेगोरियन पद्धत सुरू झाली तेव्हा ते १० दिवसांचे होते. इंग्रजीत हे असे येईल: ‘टुडे द टू कॅलेंडर्स डिफर बाय थर्टीन डेज, इन १५८२ दे डिफर्ड बाय टेन.’ ‘इन’ आणि ‘बाय’ यांत घोटाळा होत असेल तर स्वतःला प्रश्न विचारावा. ‘कशात?’ याचे उत्तर ‘इन’ने द्यायचे, ‘कितीने?’ याचे उत्तर ‘बाय’ने.

‘ऑन’ म्हणजे आपले ‘वर’ किंवा ‘बाबत’. मतभेदाचा विषय त्यापुढे येतो आणि त्याच जागी ‘अबाउट’ किंवा ‘ओव्हर’ही चालतात. ‘ओव्हर’मध्ये वादाची धार थोडी जास्त असते. व्यक्ती आणि विषय दोन्ही सांगायचे असतील तर आधी व्यक्ती आणि मग विषय असा क्रम ठेवावा: ‘आय डिफर विथ हर ऑन धिस क्वेश्चन.’

काही वेळा कोणतेच अव्यय लागत नाही, कारण तुलना कोणाशी ते संदर्भातूनच कळते. न वटता परत आलेल्या चेकसोबत बँकेकडून जो कागद येतो त्यावरच्या कारणांच्या यादीत ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’ अशी एक ओळ असते. तीन शब्दांचे हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे. सही कशाहून वेगळी, तर बँकेकडे असलेल्या नमुन्याच्या सहीहून. पण ते सांगण्याची गरज नाही. ‘सिग्नेचर’ एकवचनी म्हणून ‘डिफर्स’ला ‘एस’ आहे आणि आधी ‘इज’ नाही. ज्याला या क्रियापदाची घडण लक्षात राहत नसेल त्याने ही ओळ आठवावी.

चालू काळाचा मोह

‘निकाल वेगळे येत आहेत’, ‘आकडे जुळत नाही आहेत’ अशा मराठी वाक्यांवरून कार्यालयीन इंग्रजीत ‘द रिझल्ट्स आर डिफरिंग’ असे रूप सर्रास येते. ते टाळावे. ‘डिफर’ स्थिती सांगते, घडत असलेली कृती सांगत नाही. जसे ‘माहीत असणे’ या अर्थाच्या ‘नो’ला चालू काळ लागत नाही, तसेच याचे आहे. ‘द रिझल्ट्स डिफर’ एवढे पुरेसे आहे. ‘डिफरिंग’ हे रूप विशेषण म्हणून मात्र निर्दोष आहे: ‘डिफरिंग व्ह्यूज’ म्हणजे परस्परांहून वेगळी मते. पूर्वीपासून आजवर चालत आलेला मतभेद सांगायचा असेल तर ‘हॅव डिफर्ड’ हे पूर्ण वर्तमानकाळाचे रूप वापरावे.

प्रश्न करताना ‘डू’ किंवा ‘डज’ लागतो, आणि तोही पुष्कळदा गळतो. ‘हाऊ इट डिफर्स फ्रॉम द ओल्ड वन?’ हा प्रश्न नव्हे; ‘हाऊ डज इट डिफर फ्रॉम द ओल्ड वन?’ हा प्रश्न. ‘डज’ आला की त्याने ‘एस’ स्वतःकडे घेतलेला असतो, म्हणून मागे नुसते ‘डिफर’ राहते. हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, म्हणजे ‘ते कसे वेगळे आहे ते मला सांगा’ असे म्हणायचे असले, की ‘डज’ निघून जातो आणि ‘टेल मी हाऊ इट डिफर्स’ असे होते.

फरकाची तीव्रता दाखवण्यासाठी इंग्रजीत काही क्रियाविशेषणे या क्रियापदाशी ठरून गेलेली आहेत. मोठ्या, पसरलेल्या फरकाला ‘वाइडली’, ठळक फरकाला ‘मार्केडली’, मुळापासूनच्या फरकाला ‘रॅडिकली’ किंवा ‘फंडामेंटली’, तीव्र मतभेदाला ‘शार्पली’ आणि किरकोळ फरकाला ‘स्लाइटली’. ‘व्हेरी डिफर’ हे चुकीचे आहे, कारण ‘व्हेरी’ क्रियापदाला लागत नाही. ‘डिफर अ लिटल’ आणि ‘डिफर लिटल’ यांतले एक अक्षर विशेष जपावे: पहिल्याचा अर्थ ‘थोडासा फरक आहे’ आणि दुसऱ्याचा ‘फारसा फरक नाहीच’. संशोधनपर लेखनात ‘डिड नॉट डिफर सिग्निफिकंटली’ असे वारंवार येते. त्याचा अर्थ ‘दोन्ही गट सारखेच होते’ असा लावणे चुकीचे ठरते. सापडलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढाच तो अर्थ आहे. बातमी किंवा भाषांतर लिहिणाऱ्याने हे शब्द हाताळताना अतिशय सावध राहावे असे मला मनापासून वाटते, कारण औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष याच शब्दांत मांडलेले असतात.

शेजारच्या शब्दांशी होणारी गल्लत

सर्वांत मोठी गल्लत डी, ई, एफ, ई, आर अशा स्पेलिंगच्या क्रियापदाशी होते. येथे त्याला मी ‘डिफऽर’ असे लिहितो, कारण त्याच्या उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या दुसऱ्या उच्चारखंडावर, असतो. ‘डिफर’मध्ये तो पहिल्यावर असतो. ‘डिफऽर’चा एक अर्थ ‘पुढे ढकलणे’ हा आहे, आणि नवल असे की तो त्याच ‘डिफेर्रे’पासून आलेला आहे: काम दूर नेले म्हणजे लांबणीवर टाकले. म्हणजे मूळ एक, पण इंग्रजीत उच्चार आणि स्पेलिंग यांच्या आधाराने दोन शब्द वेगळे झाले. त्याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द ‘दुसऱ्याच्या मताला मान देणे, त्यापुढे नमते घेणे’ या अर्थाचा आहे, तो ‘डेफेर्रे’ या दुसऱ्या लॅटिन शब्दापासून आला आणि त्यापुढे ‘टू’ येतो. परिणाम असा की, ‘आय डिफऽर टू यू’ म्हणजे ‘मी तुमचे म्हणणे मान्य करतो’ आणि ‘आय डिफर विथ यू’ म्हणजे ‘मला तुमचे म्हणणे मान्य नाही’. पत्रात येथे या दोहोंची गल्लत झाली तर अर्थ नेमका उलटा होतो.

जोराच्या या फरकाचा स्पेलिंगवरही परिणाम होतो. शेवटच्या अवयवावर जोर असलेल्या क्रियापदांत भूतकाळी ‘आर’ दुप्पट होतो: ‘डिफऽर्ड’, ‘प्रिफर्ड’, ‘रिफर्ड’ या सर्वांत दोन ‘आर’. पहिल्या अवयवावर जोर असलेल्या ‘डिफर्ड’, ‘ऑफर्ड’, ‘सफर्ड’ यांत एकच. ‘डिफर’मध्ये ‘एफ’ दोन असतात आणि भूतकाळात ‘आर’ एकच राहतो, असे लक्षात ठेवावे.

‘व्हेरी’ या उच्चाराचे, व्ही, ए, आर, वाय असे लिहिले जाणारे क्रियापदही अर्थाने जवळचे आहे. ‘डिफर’ला तुलनेसाठी निदान दोन बाजू लागतात. एकच गोष्ट वेळोवेळी किंवा जागोजागी बदलत असेल तर हे दुसरे क्रियापद अधिक स्वाभाविक आहे. दिवसभरात तापमान कमी-जास्त होते, तेथे ‘व्हेरी’. दोन गावांच्या तापमानांत पाच अंशांचा फरक आहे, तेथे ‘डिफर’. शिवाय ‘व्हेरी’ सकर्मकही आहे, म्हणजे आपण एखादी गोष्ट मुद्दाम बदलू शकतो.

परीक्षेतल्या ‘फरक स्पष्ट करा’ या सूचनेसाठी ‘डिफर’ वापरता येत नाही. वस्तू वेगळ्या असतात त्याला ‘डिफर’, आणि माणूस त्यांतले वेगळेपण ओळखतो किंवा दाखवतो त्याला ‘डिस्टिंग्विश’ किंवा ‘डिफरन्शिएट’. याच कुळातला ‘इनडिफरंट’ हा शब्द ‘न वेगळा’ असा फोडू नये. त्याचा आजचा अर्थ ‘बेपर्वा, उदासीन’ किंवा ‘जेमतेम दर्जाचा’ असा आहे. हे करावे की ते, याने ज्याला काहीच फरक पडत नाही तो ‘इनडिफरंट’.

‘डिसॅग्री’ आणि मतभेदाच्या अर्थाचा ‘डिफर’ यांत भाव आणि रचना दोन्ही वेगळी आहेत. ‘डिसॅग्री’ रोजच्या बोलण्यातला, सरळ आणि थोडा परखड आहे. ‘डिफर’ सभेच्या इतिवृत्तात, निवेदनात, औपचारिक पत्रात शोभतो आणि मतभेद मान्य करूनही समोरच्याचा मान राखतो. रचनेचा मुद्दा असा की, ‘आय डिसॅग्री दॅट’ असे म्हणून पुढे वाक्य जोडता येते, ‘आय डिफर दॅट’ असे करता येत नाही. एखादे अन्न मानवत नाही, या अर्थाने ‘डिसॅग्री’ येतो. तेथेही ‘डिफर’ चालत नाही.

दोन ठरीव प्रयोग

‘आय बेग टू डिफर’ हा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. शब्दशः त्यात असहमतीची परवानगी मागितलेली आहे, म्हणून तो अतिशय नम्र आहे असे समजून काही जण वरिष्ठांशी बोलताना तो वापरतात. प्रत्यक्षात आजच्या बोलण्यात त्याची नम्रता बरीच झिजलेली आहे, आणि वाक्याच्या सुरुवातीलाच तो आला की समोरच्याला तो ठाम नकारासारखा लागतो. लेखी वादविवादात किंवा भाषणात तो अवश्य वापरावा. जेथे नाते जपायचे आहे तेथे ‘आय सी इट अ लिटल डिफरंटली’, म्हणजे ‘मी याकडे जरा वेगळ्या दृष्टीने पाहतो’, हे वाक्य अधिक मऊ पडते आणि अर्थ तोच पोहोचवते.

‘अग्री टू डिफर’ हा दुसरा प्रयोग मला फार आवडतो. दोघांनी आपापले मत न सोडता वाद तेथेच थांबवायचे ठरवले, असा त्याचा अर्थ. अमेरिकी बोलण्यात याच अर्थाने ‘अग्री टू डिसॅग्री’ जास्त चालते. मराठीत याला एकाच शब्दात बसणारा पर्याय नाही. ‘तुमचे मत तुमच्यापाशी, माझे माझ्यापाशी’ असे आपण म्हणतो, परंतु त्यात थोडा दुरावा येतो आणि इंग्रजी प्रयोगात समजूतदारपणा असतो. म्हणून भाषांतरात ‘मतभेद कायम ठेवून वाद मिटवला’ असे थोडे लांबवून लिहिणे मला योग्य वाटते.

इंग्रजीतून मराठीत आणताना

उलट दिशेने काम करणाऱ्यांसाठी थोडेसे. ‘डिफर’चे भाषांतर ‘भिन्न होतात’ किंवा ‘भिन्नता दर्शवतात’ असे केलेले वारंवार दिसते आणि ते मराठी कानाला टोचते. इंग्रजीने एका क्रियापदात जे भरले ते मराठीत पुन्हा उलगडावे, आणि संदर्भ पाहून ‘वेगळे असणे’, ‘फरक असणे’, ‘न पटणे’, ‘एकमत नसणे’ यांतले योग्य ते निवडावे. ‘द टू प्लॅन्स डिफर इन कॉस्ट’ याला ‘दोन्ही योजनांच्या खर्चात फरक आहे’ हे साधे मराठी आहे. ‘ओपिनियन्स डिफर’ला ‘याबाबत एकमत नाही’ पुरते, आणि लेखाचा सूर हलका असेल तर ‘पिंडे पिंडे मतिर्भिन्ना’ किंवा ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ही शोभते. ‘अकाउंट्स डिफर’ हे मात्र जरा फसवे आहे. इतिहासाच्या किंवा बातमीच्या मजकुरात त्याचा हिशेबांशी काही संबंध नसतो. एकाच घटनेची वेगवेगळ्या लोकांनी सांगितलेली हकिकत वेगवेगळी आहे, असे लेखकाला म्हणायचे असते. आणि मराठीत तेथे ‘हकिकती जुळत नाहीत’ एवढेच लिहावे.